घरकुलाची यादी कोण वाचणार ?

मृगाचा पहिला पाऊस आला कीं शेतकऱ्याच्या घरीं आनंदीआनंद होतो, असें कवि लिहितात. कवीचें स्वतःचें घर बहुधा पक्कें असावें. बोरी अरबच्या आसपास ज्या घरावर कवेलू फेरण्याचें काम गेल्या उन्हाळ्यांत राहून गेलें, ज्याची मागची भिंत मातीची आणि पुढची तुराट्यांच्या कुडाची आहे, त्या घरांतील बाईला पहिल्या पावसांत पहिलें काम असतें तें घमेलें कोठें मांडावें आणि दाण्याचें पोतें कोठें सरकवावें हें ठरविण्याचें. शेतांत पाणी हवें आणि चुलींत नको. एकाच ढगाकडे अशा दोन मनांनीं पाहणारीं घरें आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत. अडाण नदीच्या कांठीं राहणाऱ्यांस तर हें अधिक सांगावयास नको. २०२३ च्या जुलै महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यावर जो पाऊस कोसळला त्यानें मातीच्या भिंती किती टिकतात हें सर्वांस दाखविलें आहे.

सरकार गरिबास घर बांधावयास पैसा देतें ही गोष्ट आतां खेड्यांत नवी राहिलेली नाहीं. १९८५ सालीं इंदिरा आवास योजना निघाली, १९९६ पासून ती स्वतंत्रपणें चालूं लागली, आणि २०१६ सालीं तिच्या जागीं प्रधानमंत्री आवास योजना आली. ऑगस्ट २०२४ मध्यें तिला २०२८-२९ पर्यंत मुदत मिळाली आणि देशांत आणखी दोन कोटि घरें बांधावयाचें ठरलें. ता. २२ फेब्रुवारी २०२५ रोजीं पुण्यास मोठा समारंभ होऊन महाराष्ट्रांतील वीस लाख कुटुंबांस मंजुरीचीं पत्रें व त्यांपैकीं दहा लाखांस पहिला हप्ता दिल्याचें जाहीर झालें. आंकडा मोठा आहे. आम्हांस त्याचें वाईट वाटण्याचें कारण नाहीं. ज्याच्या डोक्यावर छप्पर आलें त्याचें आम्ही अभिनंदनच करतों. आमचा प्रश्न निराळा आहे. दिल्लीहून निघालेला पैसा आणि बोरीची गळकी खोली ह्यांच्या मध्यें एक कागद असतो. त्या कागदाला यादी म्हणतात. ती यादी कोण करतो, कोण वाचतो, आणि तींत आपलें नांव आहे कीं नाहीं हें आमच्या कुणबी, तेली, माळी, सुतार, कुंभार, बंजारा, महार, मांग बंधूंस कोणाच्या तोंडून कळतें, हाच आजचा विषय.

(सरकारी कागदांत ज्याला घर मिळतें त्यास ‘लाभार्थी’ म्हणतात. हा शब्द आम्हांस रुचत नाहीं. लाभ व्यापाऱ्याला होतो. ज्यानें रोज राबून हा देश उभा केला त्याला निवारा मिळाला तर त्यांत लाभ कसला ?)

यादी होते कशी तें आधीं नीट समजून घेतलें पाहिजे. प्रथम २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातीय पाहणीवरून ती काढली होती. जे तींतून सुटले त्यांच्याकरितां २०१८ सालीं दुसरी पाहणी झाली, आणि दुसऱ्या टप्प्याकरितां पुन्हां तिसरी, मोबाईलवरची. हिच्यांत सर्वेक्षण करणारा माणूस दारीं येऊन घराचें छायाचित्र काढी, घरच्या माणसाचा चेहरा फोनला दाखवी, आणि ज्यास जमेल त्यानें आपल्याच फोनवरून स्वतःची नोंद करावी अशीहि सोय होती. सोय चांगली. पण ज्याच्याजवळ फोन नाहीं त्याचें घर फोनांत कसें दिसावें ? सालदार धन्याच्या शेतांत, बायको कापूस वेंचावयास, म्हातारी एकटी ओसरीवर. त्या दिवशीं दार बंद दिसलें तर घर मोजलें गेलें कीं नाहीं हें कोणी सांगावें?

परंतु गोष्ट येथें संपत नाहीं, आणि हीच गोष्ट आमच्या लोकांस कोणी सांगत नाहीं. पाहणींतून निघालेली यादी ही कच्ची यादी. ती ग्रामसभेपुढें ठेवावी लागते. बेघर आधीं, मग ज्यांची खोली कच्च्या भिंतीची व कच्च्या छपराची, त्यांत एक खोलीवाले दोन खोलीवाल्यांच्या आधीं, असा क्रम लागतो. भिक्षेवर जगणारे, वेठबिगारींतून सोडविलेले, हातानें मैला उचलणारे आणि आदिम जमातींचे लोक ह्यांस तर आपोआप स्थान आहे. ह्या क्रमांत खोटें नांव शिरलें असेल तर तें काढा, खरें नांव सुटलें असेल तर तें नोंदवा, असें म्हणण्याचा अधिकार ग्रामसभेंत बसलेल्या प्रत्येक मतदारास आहे. ग्रामसभेनें ऐकलें नाहीं तर वर अपील समिति आहे. म्हणजे कायद्यानें यादीची किल्ली गांवाच्या हातीं दिली आहे. मग ती हरवते कोठें ?

ती हरवते रिकाम्या सतरंजीवर. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ह्या दिवशीं ग्रामसभा भरावयाची हें सर्वांस ठाऊक आहे. झेंडावंदन होतें, पोरांना खाऊ वांटला जातो, माणसें घरीं जातात, आणि मागें उरलेल्या दहापांच जणांत वही फिरते. सही झाली, अंगठा झाला, ठराव झाला. पुढें वर्षभर तीच माणसें चहाच्या टपरीवर बसून म्हणतात कीं घरकुल ओळखीच्यांनाच मिळतें. ओळखीच्यांना मिळतें हें खरेंच असेल. पण ज्या दिवशीं ओळख मोडतां आली असती त्या दिवशीं आपण कोठें होतों? स्त्रियांची ग्रामसभा तर मुख्य सभेच्या आधीं भरवावी असा नियमच आहे. पावसांत घमेलें मांडणारी ती बाई ह्या सभेंत बोलली तर तिच्याइतका पक्का साक्षीदार दुसरा नाहीं. तिला कोणी बोलावीत नाहीं, आणि घरचा पुरुषहि तिला ‘तुला काय कळतें’ म्हणून बसवितो. येथें आम्ही परक्यास दोष देत नाहीं.

जोतीराव फुल्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून १८८३ सालीं पुरा केला. विद्या नसल्यामुळें शेतकऱ्याच्या कामाचा कागद परक्याच्या हातीं जातो, आणि ज्याच्या हातीं कागद त्याच्या हातीं शेतकरी, हें त्यांनीं तेव्हां उघडें करून दाखविलें. त्या वेळीं दप्तर एका वर्गाच्या ताब्यांत होतें. आज तसें राहिलेलें नाहीं. ग्रामपंचायतींत, पंचायत समितींत, बँकेंत आमचींच पोरें खुर्चीवर बसलीं आहेत, आणि ह्याचा आम्हांस अभिमान आहे. पण त्याच खुर्चीवरून कोणी आपल्याच गांवच्या विधवेला ‘उद्यां या’ म्हणूं लागला, तर माणूस बदलला आणि खुर्ची तशीच राहिली असें म्हणावें लागतें. ग्रामसेवकाचें नांव बदलून २०२४ सालीं ग्रामपंचायत अधिकारी केलें. नांव मोठें झालें. वही उघडी झाली तर अधिक बरें.

आतां नियमांकडे वळूं, कारण सर्वच दोष वहीवाल्याचा नाहीं. कांहीं दोष वरून ठरून येतो.

२०२४ सालीं नियम सैल केल्याचा मोठा गाजावाजा झाला. पूर्वी घरांत दुचाकी असली कीं नांव कटे. आतां दुचाकी चालते, शीतपेटी चालते. महिन्याच्या मिळकतीची मर्यादा दहा हजारांवरून पंधरा हजारांवर नेली. हें ठीक झालें. पण त्याच कागदांत एक ओळ आहे, ती आमच्या कापूसवाल्या शेतकऱ्यानें डोळे उघडून ऐकावी : ज्याच्याजवळ अडीच एकर ओलीत, अथवा पांच एकर कोरडवाहू जमीन असेल त्यास घरकुल नाहीं. पूर्वीची जमिनीची अट ओलिताशीं बांधलेली होती. आतां कोरडवाहू पांच एकरवालाहि श्रीमंतांत धरला गेला.

हे पांच एकर कोणी पाहिले आहेत काय ? दारव्हा तालुक्यांतील पांच एकर कोरडवाहू म्हणजे पावसावर टाकलेला फांसा. बी, खत, फवारणी, निंदण आणि वेंचणी ह्यांचा खर्च आधीं होतो. भाव व्यापारी सांगतो. बोंडअळी आली तर तिलाहि वांटा द्यावा लागतो. ह्याच यवतमाळ जिल्ह्याचें नांव २००६ सालीं पंतप्रधानांच्या मदतीच्या यादींत विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत घातलें गेलें, तें येथील कोरडवाहू शेतकरी आत्महत्या करीत होता म्हणून. एका खात्यानें ज्यास मरणाच्या दारांतला म्हणून मदत जाहीर केली, दुसरें खातें त्यास घराच्या बाबतींत सुखवस्तु ठरवितें. आंबट लिंबू आणि गोड लिंबू एकाच झाडाला लागावें तसा हा प्रकार आहे.

त्याहून विचित्र अट किसान क्रेडिट कार्डाची. ज्याच्या कार्डाची मर्यादा पन्नास हजार वा अधिक, तो अपात्र. आमच्या कास्तकारास विचारा, दोन-तीन एकर पराटीचें पीककर्ज घेतलें तरी ही मर्यादा कितीशी दूर राहते ! बँकेनें कर्ज दिलें नाहीं तर सावकाराकडे जावें लागतें, आणि बँकेनें दिलें तर घरकुल जातें. कर्ज हें श्रीमंतीचें लक्षण आहे हा शोध ज्या पंडितानें लावला त्यानें एकदां पेरणीच्या दिवसांत बोरीच्या बाजारांत उभें राहावें. ज्याला सावकारानेंच पैसे दिले त्याचें नांव यादींत राहील, कारण सावकाराची वही सरकारला दिसत नाहीं !

आणि तिसरी अट पोराच्या पगाराची. घरांतील कोणीहि महिन्यास पंधरा हजारांहून अधिक मिळवीत असेल तर कुटुंब बाद. आमच्या भागांतून पुष्कळ तरणीं पोरें पुण्याच्या बाजूस कारखान्यांत, गोदामांत, पहारेकऱ्याच्या कामास गेलीं आहेत. एखाद्याला सोळा-सतरा हजार मिळतात. त्यांतून खोलीचें भाडें, खानावळ, बस आणि फोन जाऊन तो गांवीं काय पाठवितो हें त्याच्या आईस विचारावें. एका खोलींत पांच जण राहतात, पाळीपाळीनें झोपतात. तो पोर तिकडे भाड्यांत पिळला जातो आणि त्याच पगाराच्या आंकड्यानें इकडे आईबापांचें घर यादींतून कटतें. एका पगाराला दोन्हीकडून कात्री ! ज्यांची चूल खरोखर निराळी झाली आहे त्यांनीं पाहणीच्या वेळीं तसें स्पष्ट सांगून नोंदवून घ्यावें, शिधापत्रिकाहि त्याप्रमाणें करून घ्यावी. खोटें लिहवूं नये. पण खरें असेल तें लिहविल्यावांचून सोडूंहि नये.

भाड्याचा विषय निघाला आहे तर थोडें बाहेर पाहूं. गरीब कामकऱ्याच्या घराची जबाबदारी समाजानें उचलावी ही कल्पना कांहीं आकाशांतून पडलेली नाहीं. इंग्लंडांत पहिलें महायुद्ध संपतांच १९१९ सालीं कायदा करून नगरपालिकांस मजुरांकरितां घरें बांधावयास लावलें, आणि पुढें कमी मिळकतीच्या भाडेकऱ्यास भाड्याकरितां सरकारी मदत देण्याचीहि रीत तेथें पडली. ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरानें १९२३ सालीं घरांवर असा कर बसविला कीं मोठ्या हवेलीवाल्यास तो भारी पडावा आणि लहान खोलीवाल्यास नाममात्र. त्या पैशांतून दहा-बारा वर्षांत साठ हजारांवर घरें उठलीं, आणि आजहि त्या शहरांतील सुमारें चौथा हिस्सा लोक नगरपालिकेच्या घरांत माफक भाड्यानें राहतात. आमच्या मुंबईंतहि १९२० नंतर वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें सरकारनें कामकऱ्यांकरितां चाळी बांधल्या, त्या बी. डी. डी. चाळींचीं नांवें कोंकणापासून वऱ्हाडापर्यंत ठाऊक आहेत. २०२० च्या टाळेबंदींत लाखों मजूर पायीं गांवाकडे निघाले तेव्हां सरकारास पुन्हां आठवण झाली कीं शहरांत मजुरास भाड्याचें घर लागतें. त्याच वर्षीं भाड्याच्या घरांची एक योजना निघाली, आणि २०२४ च्या शहरी आवास योजनेंतहि भाड्याच्या घरांचा भाग ठेवला आहे. परंतु तींत घरें बांधून तीं भाड्यानें द्यावयाचीं आहेत. तुमच्या पोराच्या आजच्या खोलीचें भाडें कोणी भरून देत नाहीं. म्हणून आज त्यानें एवढें तरी करावें : भाड्याची पावती मागावी, आणि करार लेखी व नोंदलेला करून घ्यावा. १९९९ च्या महाराष्ट्राच्या भाडे-नियंत्रण कायद्यानें करार नोंदविण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. मालकानें तो केला नाहीं आणि पुढें तंटा लागला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकऱ्याचें म्हणणें खरें धरलें जातें. ही गोष्ट मालक आपण होऊन सांगणार नाहीं.

आतां समजा, ह्या सर्व चाळण्यांतून नांव खालीं पडलें नाहीं, मंजुरी आली. पुढें काय ? येथें पुष्कळ घरें अर्धवट अडकतात, म्हणून हिशेब मांडून दाखवितों.

सपाट प्रदेशांत केंद्र व राज्य मिळून १,२०,००० रुपये. ही रक्कम २०१६ सालीं ठरली ती अद्याप तीच आहे. सिमेंट, लोहा आणि मिस्त्रीची मजुरी मात्र २०१६ च्या भावांत थांबलीं नाहींत. राज्य सरकारनें २०२५ सालीं दुसऱ्या टप्प्याच्या घरांस ५०,००० रुपये वाढवून दिले. त्यांतले ३५,००० बांधकामाचे आणि १५,००० छतावर सौर वीज बसविली तर. रोजगार हमींतून ९० दिवसांची मजुरी धरली होती. २०२५-२६ सालच्या ३१२ रुपये रोजानें ती २८,०८० होते. (रोजगाराच्या जुन्या कायद्याच्या जागीं डिसेंबर २०२५ मध्यें दिल्लीनें नवा कायदा केला आहे, तेव्हां आपल्या घराला ही मजुरी कोणत्या खात्यांतून व किती लागणार हें पंचायत समितींत विचारून घ्यावें.) संडासाचे १२,००० निराळे. सारी बेरीज दोन लाख दहा हजारांच्या घरांत जाते, आणि सभांतून हाच आंकडा सांगतात. पण भिंती आणि छत ह्यांच्या कामीं येणारा रोख पैसा १,५५,०००. घर निदान २५ चौरस मीटरचें, म्हणजे सुमारें २६९ चौरस फुटांचें हवें. भागाकार करा; फुटाला जेमतेम पावणेसहाशें रुपये पडतात. एवढ्यांत कोणता मिस्त्री स्लॅब टाकून देतो तें गांवांत विचारून पाहावें.

त्यांत हा पैसा एकदम येत नाहीं. आपल्या राज्यांत पहिला हप्ता पंधरा हजारांचा मिळत आला आहे. पुढचे हप्ते जोतें झालें, भिंती चढल्या, छत पडलें, अशा पायऱ्यांवर, प्रत्येक पायरीचें छायाचित्र काढून नेल्यावर. आता नीट पाहा. जागा एकच, म्हणून नवें घर बांधावयास जुनें पाडावें लागतें. पाडलें त्या दिवसापासून कुटुंब उघड्यावर. पंधरा हजारांत पायाचे दगड आणि थोडी गिट्टी येते. जोतें आपल्या पैशानें पुरें करा, मग दुसरा हप्ता. आपला पैसा असता तर मातीच्या घरांत राहिलों असतों काय ? मग बाईचे मणिमंगळसूत्र गहाण पडतें, नाहीं तर बकऱ्या विकल्या जातात, नाहीं तर काम थांबतें. मधल्या काळांत पोराबाळांनीं कोठें राहावें ? कोणी भावकीच्या ओसरीवर, कोणी चार पत्रे आणि ताडपत्री बांधून, आणि ज्यास म्हातारें माणूस वा बाळंतीण आहे तो गांवांतच भाड्याची खोली घेतो. हें भाडें कोणत्याहि योजनेच्या कोणत्याहि रकान्यांत नाहीं. घर मिळणाऱ्या माणसास घर मिळेपर्यंत भाडें भरावें लागतें, ही साधी गोष्ट नियम करणारास सुचली नाहीं, कारण त्याला जुनें घर पाडून नवें बांधावें लागलें तरी तो आधीं दुसऱ्या बंगल्यांत जातो.

आमचें मागणें म्हणून स्पष्ट आहे. पहिल्या हप्त्यांत जोतें पुरें निघालें पाहिजे. ज्यास जुनें घर पाडावें लागतें त्यास निदान सहा महिन्यांचें भाडें अथवा तात्पुरत्या निवाऱ्याचे पत्रे मिळाले पाहिजेत. कोरडवाहू पांच एकरांची व पीककर्जाची अट आमच्या जिल्ह्यापुरती तरी काढली पाहिजे. हें मागणें वर्तमानपत्रांत छापून भागणार नाहीं. ग्रामसभेच्या वहींत ठराव म्हणून लिहिलें गेलें, आणि तालुक्यांतील बाकीच्या गांवांनींहि लिहिलें, तर त्यास वजन येईल. ठरावाला कागद लागतो, पैसा लागत नाहीं.

तोंवर जें हातांत आहे तें सोडूं नये. केंद्राच्या यादींत नांव नसलें म्हणजे सर्व दारें बंद झालीं असें नाहीं. अनुसूचित जाति व नवबौद्ध कुटुंबांस रमाई आवास, आदिवासींस शबरी आवास, तांड्यांतील बंजारा व इतर भटक्या-विमुक्तांस यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. कोलाम बांधवांस २०२३ च्या जनमन योजनेंत घराला दोन लाखांची रक्कम ठेवली आहे. कुणबी, तेली, माळी, सुतार, लोहार, कुंभार आदि इतर मागास वर्गांकरितां राज्यानें २०२३ सालीं तीन वर्षांची मोदी आवास योजना काढून दहा लाख घरांचा संकल्प केला होता. ज्यांनीं तींत अर्ज केले त्यांनीं आपल्या अर्जाचें काय झालें हें लेखी विचारावें, तोंडी उत्तरावर परत येऊं नये.

ज्यास जागाच नाहीं त्याची अडचण सर्वांत मोठी. घरकुल मंजूर, पण बांधावें कोठें ? अशास जागा विकत घेण्याकरितां पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेंतून पूर्वी पन्नास हजार मिळत, आतां एक लाखापर्यंत मिळतात. आणि जे १ जानेवारी २०११ च्या आधींपासून सरकारी जागेवर घर करून राहिले आहेत, त्यांचें अतिक्रमण कायम करण्याविषयीं २०१८ सालीं राज्यानें निर्णय केलेला आहे; पात्र गरिबास पांचशें चौरस फुटांपर्यंत मोल पडत नाहीं. गावठाणाबाहेर, नाल्याच्या कांठीं, रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या आमच्या पुष्कळ मजुरांस ह्याचा पत्ताच नसतो. ते ‘जागा आपली नाहीं’ म्हणून अर्जच करीत नाहींत. जुनी घरपट्टीची पावती, विजेचें बिल, मतदारयादी, जें सांपडेल तें जपून ठेवावें. तीच पुढें साक्ष होते.

कागद थोडकेच लागतात, पण एकमेकांशीं जुळले पाहिजेत. आधारावर एक नांव, बँकेच्या पुस्तकांत दुसरें, जॉबकार्डावर तिसरें, असें झालें कीं पैसा अधांतरीं लटकतो. खातें वर्षानुवर्षें न वापरल्यानें बंद पडलेलें असतें, आणि हप्ता परत गेल्यावर तें कळतें. म्हणून मंजुरीची वाट न पाहतां आजच नमुना आठचा उतारा, जातीचा व उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधार आणि बँकेचें पुस्तक समोर मांडून, शाळेंत जाणाऱ्या पोरीकडून एक-एक अक्षर जुळवून घ्यावें. आमच्या घरांत आतां शिकलेलें एक तरी मूल असतेंच. तें फोनवर चित्रें पाहतें, तर बापाची यादीहि पाहूं शकतें. यादी व हप्ते सरकारच्या संकेतस्थळावर सर्वांस पाहतां येतात. घर नवराबायको दोघांच्या नांवें व्हावें असाहि नियम आहे. बाईचें नांव लावतांना कोणी नाक मुरडलें तर त्यास नियम दाखवावा.

अर्ज दोन प्रतींत करावा. एक देऊन दुसरीवर तारखेसह शिक्का व सही घ्यावी. पोंच देत नसतील तर टपालानें नोंदणी करून पाठवावा. उत्तर आलें नाहीं तर गटविकास अधिकाऱ्याकडे, दारव्ह्यास पंचायत समितींत, लेखी जावें. आणि तेथेंहि कळलें नाहीं तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकाराखालीं विचारावें. दारिद्र्यरेषेखालील माणसास तेहि दहा रुपये लागत नाहींत, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावें लागतें.

आणि हा अर्ज करावयास कोणी मध्यस्थ लागत नाहीं. ‘दहा हजार द्या, पुढच्या यादींत नांव घालतों’ म्हणून हिंडणारे लोक तालुक्याच्या ठिकाणीं असतातच. ते ज्या नांवाचे पैसे घेतात तें नांव बहुधा आधींच यादींत असतें. त्यांनीं यादी वाचलेली असते आणि आपण वाचलेली नसते, एवढेंच त्यांचें भांडवल. घरकुलाचें काम ठेकेदारास द्यावयाचें नाहीं, ज्याचें घर त्यानेंच बांधावयाचें, असाहि योजनेचा नियम आहे. तेव्हां ‘सर्व हप्ते माझ्या हातीं द्या, मी घर उभें करून देतों’ म्हणणारासहि दारांतूनच परत लावावें. घरकुलास पांच ब्रास रेती मोफत देण्याचें राज्यानें २०२५ च्या वाळूच्या धोरणांत ठरविलें आहे. ती तहसिलींतून रीतसर मागावी, आणि परवान्याचा कागद हातीं आल्यावांचून रात्रींचा ट्रॅक्टर आपल्या दारासमोर रिकामा करूं देऊं नये. पकडला गेला तर दंडाचा धनी ट्रॅक्टरवाला राहत नाहीं. कोणी सरकारी नोकर हप्त्यासाठीं पैसे मागेल तर १०६४ ह्या क्रमांकावर लाचलुचपत खात्यास फुकट कळवितां येतें.

येत्या ग्रामसभेस बोरी अरब व आसपासच्या खेड्यांतील आमच्या वाचकांपैकीं ज्यांस जातां येईल त्यांनीं एकट्यानें न जातां आपल्या आळींतील चार घरांस बरोबर घेऊन जावें, आणि उभें राहून एवढेंच म्हणावें कीं यादी मोठ्यानें वाचा. कोणाचें नांव कशामुळें गळालें, पांच एकरांमुळें, कर्जामुळें, पोराच्या पगारामुळें, कीं कशामुळेंच नाहीं, हें तेथेंच विचारून वहींत लिहवून घ्यावें. ज्यांस हें उत्तर मिळालें नाहीं, अथवा मिळालेलें पटलें नाहीं, त्यांनीं आम्हांस पोस्टकार्डावर लिहून कळवावें. ज्यास लिहितां येत नाहीं त्यानें दुसऱ्याकडून लिहवावें. अक्षर कसेंहि चालेल. नांव न छापतां आम्ही तीं पत्रें ह्याच जागीं छापूं.